हुबळीवरील ग्रंथिक संनिपाताचे अरिष्ट

आज गोकुळ रोडवर विमानतळ, कारखाने आणि दाट वस्ती दृष्टीस पडते. सव्वाशे वर्षांपूर्वी गोकुळ हे हुबळीबाहेरचे एक खेडे होते. हुबळी मात्र कापसाच्या पेठेमुळे व रेल्वेच्या कारखान्यामुळे भरभराटीस आली होती. मुरगाव बंदराशी लोहमार्गाने जोडल्या गेलेल्या या नगराशी गोमंतकीयांचा ऋणानुबंध जुना आहे. याच नगरावर १८९८ साली प्लेगाचे, म्हणजे तत्कालीन भाषेत ग्रंथिक संनिपाताचे, भीषण अरिष्ट कोसळले.

या साथीची पहिली चाहूल सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात लागली. ती ओळखणारे डॉ. आकासियु गाब्रिएल व्हिएगश हे बार्देशातील हडफड्याचे सुपुत्र, ही गोमंतकीयांस अभिमानास्पद गोष्ट होय. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे यर्सिन या शास्त्रज्ञाने शोधून काढला होता. तथापि तो पसरतो कसा, हे अद्याप गूढच होते. घरात उंदीर पडू लागले की मरण उंबरठ्याशी आले, इतकेच लोक जाणून होते. उंदरांवरील पिसू हाच रोगाचा वाहक, हे सिमोंद यांनी १८९८ साली कराची येथे दाखविले; पण ते सर्वमान्य होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

दरम्यान हाफकिन यांनी मुंबईत मृत जंतूंपासून लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच देहात टोचून घेतली. या लसीची मोठी परीक्षा हुबळीत झाली. सर्जन-कॅप्टन ल्यूमन यांच्या देखरेखीखाली काही महिन्यांतच तीस हजारांहून अधिक लोकांनी टोचून घेतले. टोचलेल्यांची व न टोचलेल्यांची मृत्युसंख्या आठवड्यागणिक टिपली गेली. टोचलेल्यांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी कमी आढळले. आधी भीतीने दूर राहणाऱ्यांचा विश्वास या प्रत्यक्ष प्रमाणानेच दृढ केला.

हा विश्वास किती नाजूक असतो, तेही लवकरच दिसले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लसीच्या एकाच बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले आणि १९ जण दगावले. हाफकिन यांस दोषी ठरवून दूर सारण्यात आले. १९०७ साली ते निर्दोष ठरले. एका बाटलीच्या अशुद्धतेने हजारोंस वाचविणाऱ्या पुरुषाची कीर्ती काळवंडली.

लस रोगास आवर घालू शके. जडलेला रोग बरा करणे तिच्या आवाक्याबाहेर होते. ते सामर्थ्य १९४३ साली शाट्झ व वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत लाभलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने आणि नंतरच्या प्रतिजैविकांनी दिले. वेळीच औषध मिळाल्यास प्लेगाचा रोगी आज बहुधा वाचतो. परंतु प्रतिजैविके मनास येईल तशी घेणे व अर्धवट सोडणे यांमुळे अनेक जंतू औषधांस दाद देईनासे झाले आहेत.

सोवळ्याओवळ्याचे संस्कार जपणाऱ्या महाजन कुटुंबांस स्वच्छतेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. धान्याची कोठी उंदरांपासून राखणे, मुलांस वेळच्या वेळी लस टोचविणे आणि वैद्याने सांगितलेले औषध पुरे करणे, हीच हुबळीतील त्या अज्ञात मृतांना खरी तिलांजली होय.