‘तीन महिन्यांच्या शुगर’ची कुळकथा

हातकणंगल्यात ‘एचबीएवनसी’ म्हटलं तर निम्मे पेशंट बुचकळ्यात पडतील, पण ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणा, लगेच कळतं. जांभळ्या बुचाच्या नळीत थोडं रक्त घेतात, उपाशी पोटी यायची अट नसते. लहान लॅबमधून नमुना मोठ्या लॅबकडे जातो आणि मोबाइलवर रिपोर्ट येतो. त्यात एक आकडा असतो आणि बरेचदा त्याखाली लहान-मोठ्या शिखरांचा आलेख. आकडा घरातले सगळे वाचतात, आलेखाकडे कुणी ढुंकून बघत नाही. चाचणीचं कूळ मात्र त्या आलेखातच लिहिलेलं आहे.

मूळपुरुष मिखाइल त्स्वेत, वनस्पतिशास्त्रज्ञ. पानांचा अर्क बारीक पुडीने भरलेल्या काचेच्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, सोडला की त्यातले रंग वेगवेगळ्या वेगाने उतरतात आणि एकाखाली एक पट्टे पडतात, हे त्याने १९०३ मध्ये वॉर्सात मांडलं. पुढच्याच वर्षी आपल्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण पदार्थ असे वेगळे करण्याच्या या तंत्राला, म्हणजे क्रोमॅटोग्राफीला, पुढची मोठी उडी मिळाली ती वस्त्रोद्योगातूनच. इंग्लंडात लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करायच्या खटपटीत होते. त्यातून १९४१ मध्ये त्यांची नवी क्रोमॅटोग्राफी निघाली आणि १९५२ मध्ये दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अमिनो आम्लं सुटी करणं एक, अख्खं प्रथिन धडपणे बाहेर काढणं दुसरं. प्रथिन मोठं आणि नाजूक. ते नळीत भरलेल्या रेझिनच्या मण्यांना घट्ट चिकटलं तर सुटत नाही, ओढून काढलं तर बिघडतं. अमेरिकेत पीटरसन आणि सोबर यांनी १९५०च्या दशकात सेल्युलोजवर, म्हणजे कापसाचा धागा ज्याचा बनतो त्याच पदार्थावर, विद्युतभार असलेले गट बसवले. त्यावर प्रथिनं अलगद धरली जातात आणि मिठाच्या पाण्याने अलगद सुटतात. प्रथिनं शुद्ध करणाऱ्यांच्या हाती त्यामुळे एक खात्रीचं हत्यार आलं.

हिमोग्लोबिनही कॉलमवर चढलं. १९५८ मध्ये डच संशोधक हुइसमन आणि मेयरिंग यांना नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या पुढे पळणारा एक छोटा अंश वेगळा दिसला. तेव्हा त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. त्याला भाव आला तो तेहरानमध्ये. सॅम्युअल राहबर रक्तातली विकृत हिमोग्लोबिनं शोधत होते, तेही कॉलमवर नव्हे, विजेच्या प्रवाहात. मधुमेहींच्या रक्तात त्यांना एक वेगळा पट्टा पुन्हा पुन्हा दिसला आणि १९६८ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. नंतर कळलं की हा तोच अंश. माझ्या मते या चाचणीचे खरे जनक राहबरच. कॉलमवाल्यांकडे उत्तर दहा वर्षं पडून होतं, प्रश्न राहबरांनी विचारला.

हा अंश पुढे का पळतो, त्याचं उत्तर असं. रक्तातली साखर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला जाऊन बसते आणि तिथला धनभार झाकते. कॉलममधल्या रेझिनवर ऋणभार असतो. साधं हिमोग्लोबिन त्याला धरून राहतं; साखर चिकटलेल्याची, म्हणजे एवनसीची, पकड सैल, म्हणून ते आधी खाली उतरतं. आलेखावर एवनए, एवनबी, एफ अशी बारकी शिखरं येतात, मग एवनसीचं, आणि शेवटी ताडासारखं उंच एझीरोचं, म्हणजे साध्या हिमोग्लोबिनचं. एवनसीच्या शिखराखालच्या क्षेत्रफळावरून टक्का निघतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब त्यात साठलेला असतो. तपासणीआधी दोन दिवस गोड सोडून डॉक्टरांना चकवणाऱ्यांची इथे डाळ शिजत नाही.

एवनसीचा आकडा साखरेच्या चढउताराबरोबर हलतो, हे १९७६ मध्ये दिसलं. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ मधुमेही रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीने दाखवलं की साखर काटेकोर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांचं नुकसान कमी होतं. त्या चाचणीत रुग्णांची साखर आटोक्यात आहे का, हे याच आकड्यावर जोखलं होतं. पुढे २०१० मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ६.५ टक्के ही निदानाची रेषा ठरवली.

ही मोजपट्टी आपल्याकडे आणली तेव्हा मधुमेहपूर्व अवस्था ओळखण्यात पुण्यात ती अडखळली. केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी तरुणांच्या एका गटात एवनसी आणि ग्लुकोज पाजून करायची तपासणी अशा दोन्ही चाचण्या केल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत सुमारे ८ टक्के तरुण मधुमेहपूर्व अवस्थेत निघाले, एवनसीवरून सुमारे २३ टक्के. वरच्या फरकात पंडुरोगाचा, विशेषतः लोहाच्या कमतरतेचा, वाटा होता. लोह कमी असलं की आकडा साखरेविना वर जाऊ शकतो. उलट तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर पेशी जगतच नाही इतके दिवस, आणि आकडा फसवा कमी येतो.

विदर्भात आणि नंदुरबारकडे आणखी एक अडचण. सिकलसेलचं हिमोग्लोबिन वेगळा भार घेऊन येतं, आलेखावर आपलं स्वतंत्र शिखर उठवतं आणि काही यंत्रांवर एवनसीच्या मोजणीत ढवळाढवळ करतं. त्याच अवगुणाचा उपयोग करून कॉलमच्या याच तंत्राने, म्हणजे एचपीएलसीने, सिकलसेल आणि थॅलेसेमियाचं निदान होतं; ए-टू हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाचा संशय घेतात. शुगर बघायला गेलेल्या माणसाच्या आलेखात एखादं अनोळखी शिखर दिसलं, तर पॅथॉलॉजिस्ट ते रिपोर्टात लिहितो. अशा वेगळ्या हिमोग्लोबिनच्या रक्तासाठी बोरोनेटचा कॉलमही आहे. तो भाराकडे बघत नाही, चिकटलेल्या साखरेलाच धरतो. लोहाच्या कमतरतेपुढे मात्र त्याचाही इलाज नाही. म्हणून जाणते डॉक्टर एवनसीबरोबर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मागवतात, आणि हिमोग्लोबिन नऊवर आलेल्या बाईला नुसत्या एवनसीवरून गोळी सुरू करण्याआधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगरही करून आणायला सांगतात.