अनंताच्याही पुढे

सासरे वनखात्यातून निवृत्त होऊन धारणीलाच राहिले. मे महिन्यात गेलो, तर म्हणाले, “जावाईबापू, समोरच्या पहाडाचा एक फोटो काढून द्या. तीस वर्सं तिथंच गेले माहे.”

गळ्यात उसनी टेलिफोटो झूम लेन्स होती. पहाड लांब, म्हणून फोकसचं कडं पार टोकापर्यंत फिरवलं. चष्म्यावर घाम, त्यातून काय दिसणार? अख्खा रोल, छत्तीसच्या छत्तीस फोटो, पुसट!

मग कळलं, टोक हे अनंत नव्हेच. जॉन वॉलिसने १६५५ साली आडवा आठ काढून अनंताला चिन्ह दिलं. लेन्सवाल्यांनी त्याच्याही पुढे जागा सोडली. कॅननने १९६९ साली फ्लोराइटचं भिंग घातलेली ३०० मिलिमीटरची लेन्स काढली. फ्लोराइट रंग फाटू देत नाही, पण उन्हात आमच्यासारखंच फुगतं आणि फोकस सरकतो. म्हणून लांब पल्ल्याच्या लेन्सचं कडं चिन्हापुढेही थोडं फिरतं. आपोआप फोकस करणाऱ्या लेन्सलाही अनंत ओलांडून मागे यायला ऐसपैस जागा लागते. (आमच्या बसड्रायव्हरलाही!)

भीतभीतच फोटो सासऱ्यांपुढे ठेवले. मोतीबिंदूच्या डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी एकेक निरखला.

“बराबर आहे जी,” ते म्हणाले, “आता असाच दिसते मले.”