तिकीट की वर्गणी?

ब्रिटनमध्ये वास्तव्यास गेलेल्या मराठी कुटुंबापुढे पहिल्याच उन्हाळ्यात एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. जुने वाडे, गढ्या, उद्याने, भग्न मठ पाहायला निघावे तर प्रत्येक प्रवेशद्वाराशी तिकिटाबरोबरच वार्षिक सभासदत्वाचा अर्ज पुढे केला जातो. नॅशनल ट्रस्ट, इंग्लिश हेरिटेज, हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस अशा संस्था अनेक आहेत आणि प्रत्येकीची वर्गणी निराळी आहे. ती भरावी का? पैसे वसूल होतात का?

यांपैकी सर्वांत मोठी संस्था नॅशनल ट्रस्ट. तिचा साधा हिशेब आधी मांडून टाकू. २०२४ साली एका व्यक्तीची वार्षिक वर्गणी नव्वद पौंडांच्या आसपास होती. एखाद्या मोठ्या वाड्याचे तिकीट पंधरा ते वीस पौंड पडते. म्हणजे वर्षाकाठी पाच-सहा ठिकाणे पाहणाऱ्याची वर्गणी वसूल झाली. संस्थेच्या बहुतेक वाहनतळांवर सभासदाला पैसे द्यावे लागत नाहीत, ही वरकड. मात्र ही स्थळे बहुधा रेल्वे स्थानकापासून दूर, आडगावी असतात. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याने वर्षातून सहा वाडे पाहण्याचा संकल्प सोडावा आणि तिकीट काढून मोकळे व्हावे. दोन-तीन भेटींपुरता उत्साह असणाऱ्यालाही हाच सल्ला.

प्रश्न केवळ खर्चाचा असता तर लेख येथेच संपला असता. परंतु 'वर्गणी' आणि 'तिकीट' या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिकीट घेणारा प्रेक्षक असतो, वर्गणी भरणारा भागीदार. हा भेद मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नसावी, कारण आपले सार्वजनिक जीवन, सभा, ग्रंथालये, व्याख्यानमाला, उत्सव, हे सारे वर्गणीवरच उभे राहिले. ब्रिटनमधील वारसा-संस्थांकडेही याच भेदाच्या दृष्टीने पाहिले, तर सभासदत्वाचे मोल निराळे दिसू लागते.

नॅशनल ट्रस्टची स्थापना जानेवारी १८९५ मधली. गरिबांच्या घरांसाठी झटणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल, सार्वजनिक कुरणांसाठी न्यायालयात लढलेले विधिज्ञ रॉबर्ट हंटर आणि लेक डिस्ट्रिक्टमधील धर्मोपदेशक हार्डविक रॉन्स्ली हे तिचे तीन संस्थापक. यांच्या मनात सरदारांचे वाडे नव्हते. कारखान्यांच्या धुरात राहणाऱ्या माणसाला मोकळी हवा आणि हिरवी टेकडी मिळावी, ही त्यांची तळमळ होती. म्हणूनच संस्थेला मिळालेली पहिली मालमत्ता म्हणजे वेल्समधील बार्मथ गावावरची दिनास ओलाय ही टेकडी. फॅनी टॅल्बट या बाईंनी ती १८९५ सालीच दान केली. पुढल्या वर्षी ससेक्समधील आल्फ्रिस्टन येथले चौदाव्या शतकातील, गवताने शाकारलेले एक मोडकळीस आलेले घर अवघ्या दहा पौंडांना विकत घेतले गेले. १९०७ साली पार्लमेंटने कायदा करून संस्थेला एक विलक्षण अधिकार दिला. जी मालमत्ता ती 'अविक्रेय' म्हणून जाहीर करील, ती पार्लमेंटच्या अनुमतीवाचून विकता येणार नाही की सरकारलाही सक्तीने घेता येणार नाही. खाजगी वर्गणीतून उभे राहिलेले धन लोकांचे कायमचे धन झाले.

योगायोग असा की त्याच १८९५ साली पुण्यात टिळकांनी 'केसरी'तून रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या दुरवस्थेविषयी हाक दिली आणि लोकांकडून निधी गोळा होऊ लागला. १८९६ मध्ये रायगडावर उत्सवही झाला. वारसा हा राज्यकर्त्यांच्या कृपेवर सोडण्याचा विषय नव्हे, लोकांनी पैसा-पैसा घालून तो राखावा, ही कल्पना दोन्हीकडे एकाच वर्षी आकार घेत होती. फरक पुढे पडला. समाधीच्या जीर्णोद्धाराला १९२० चे दशक उजाडले, त्यात सरकारी पुरातत्त्व खाते आले, आणि गड सरकारी संरक्षणाखाली गेला. आपल्याकडे वर्गणीची परंपरा संपली नाही. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही तिचीच संतती. पण ती कागदपत्रे आणि ग्रंथ राखण्यापुरती उरली. वास्तू राखणे हे सरकारचे काम ठरले.

या फाट्यावर उभा असलेला गृहस्थ म्हणजे लॉर्ड कर्झन. बंगालच्या फाळणीमुळे त्याचे नाव आपल्या स्मरणात आहे. परंतु १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदाही त्याचाच. या कायद्याने हिंदुस्थानातील स्मारकांवर सरकारची पकड बसली, आणि १९५८ च्या स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही मूळ साचा तोच ठेवला. कर्झन मायदेशी परतला तेव्हा तेथला कायदा यापेक्षा दुबळा होता. मालकाच्या मर्जीवाचून सरकारला काही करता येत नसे. १९११ साली लिंकनशरमधील टॅटरशॉल या पंधराव्या शतकातल्या विटांच्या किल्ल्यातील कोरीव अग्निकुंडे उचकटून विकली गेली आणि ती अमेरिकेला जाण्याच्या बेतात होती. कर्झनने किल्ला विकत घेतला, अग्निकुंडांचा माग काढून ती परत आणली. या प्रकरणाने १९१३ च्या ब्रिटिश कायद्याला चालना मिळाली. १९२५ साली मृत्युसमयी त्याने टॅटरशॉल आणि ससेक्समधील बोडियम हे दोन्ही किल्ले नॅशनल ट्रस्टला दिले. हिंदुस्थानात ज्याने वारसा सरकारच्या हाती सोपवला, त्यानेच आपल्या देशात तो सभासदांच्या संस्थेच्या हाती सोपवला! जित प्रजेला विश्वस्त होण्याची पात्रता नाही असे त्याला वाटत असावे, असा तर्क केला तर तो फारसा चुकणार नाही.

तरीही १९३० पर्यंत नॅशनल ट्रस्ट ही मुख्यतः टेकड्या आणि कुरणे राखणारी लहानशी संस्था होती. तिला वाड्यांची संस्था बनवले ते मृत्युकराने. १८९४ साली हा कर सुरू झाला तेव्हा त्याचा कमाल दर आठ टक्के होता. १९१९ मध्ये तो चाळीस टक्क्यांवर गेला आणि १९४९ मध्ये ऐंशीवर. एकामागून एक सरदार घराणी वाडे पाडू वा विकू लागली. १९३४ साली नॅशनल ट्रस्टच्या वार्षिक सभेत लॉर्ड लोथियन यांनी तोडगा सुचवला की वाडा जमीनजुमल्यासह संस्थेला द्यावा, करातून सूट मिळावी, वंशजांनी तेथे राहावे आणि लोकांना तो पाहता यावा. १९३७ च्या कायद्याने ही योजना शक्य झाली. १९४० मध्ये लोथियन वारले तेव्हा त्यांचा नॉरफोकमधील ब्लिकलिंगचा वाडा त्यांच्या मृत्युपत्रान्वये संस्थेकडे आला.

हे लोथियन आपल्याला अपरिचित नाहीत. १९३२ साली हिंदुस्थानात मताधिकार कुणाला द्यावा याचा विचार करण्यासाठी जी समिती फिरली, तिचे अध्यक्ष हेच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते आणि अस्पृश्यांच्या प्रश्नावर त्यांनी आपले स्वतंत्र टिपण जोडले होते. मत कुणाला असावे, हा प्रश्न समितीत कळीचा होता. दोनच वर्षांनी लोथियन यांनी जी योजना मांडली, तिने वाडे वाचवले खरे, पण संस्थेत मत कुणाचे चालणार हा प्रश्नही जन्माला घातला. टेकडी देणारी टॅल्बट बाई आणि वाडा देऊन त्यातच राहणारा सरदार, दोघेही दाते. पण कारभारावर छाया दुसऱ्याचीच पडली.

या छायेविरुद्ध पहिले बंड १९६७ साली झाले. किनारपट्टी विकत घेण्यासाठी १९६५ साली 'नेपच्यून' ही मोहीम सुरू झाली होती. तिचे संचालक कॉनरॅड रॉन्स्ली हे संस्थापक रॉन्स्ली यांचे नातू. त्यांचा संस्थेशी बेबनाव झाला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांनी सभासदांची विशेष सभा बोलावण्यास भाग पाडले. संस्था सरदारांची झाली, लोकांना विसरली, हा त्यांचा आक्षेप होता. सभेत ते हरले. परंतु त्या धक्क्याने चौकशी समिती नेमली गेली, १९६८ साली तिचा अहवाल आला आणि १९७१ च्या कायद्याने कारभारात बदल झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जेमतेम आठ हजार सभासद असलेली ही संस्था १९८१ मध्ये दहा लाखांवर आणि २०१७ मध्ये पन्नास लाखांवर पोचली.

आजही वर्गणी भरणारा प्रौढ सभासद वार्षिक सभेत ठरावावर आणि परिषदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. २०२० च्या सप्टेंबरात संस्थेने वसाहतवाद आणि गुलामगिरी यांच्याशी आपल्या स्थळांचे असलेले संबंध तपासणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ९३ स्थळांचा उल्लेख होता. कर्झनचे डर्बीशरमधील घराणे-घर केडलस्टन, जेथे त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचे दालन आहे, ते या यादीत आहे. वेल्समधील पोविस किल्ला आहे, जेथे क्लाइव्ह घराण्याकडे आलेला टिपू सुलतानाचा तंबू जपला आहे. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचे ससेक्समधील बेटमन्स हे घरही आहे. अहवालावर मोठे काहूर उठले. संस्था राजकारण करते अशी तक्रार झाली. धर्मादाय आयोगाने २०२१ मध्ये कायद्याचा भंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. तरी वाद शमला नाही. अहवालाच्या विरोधकांनी गट स्थापून परिषदेच्या निवडणुकांत उमेदवारांना पाठिंबा दिला. केडलस्टनच्या दालनातल्या फलकावर काय लिहावे, हा प्रश्न अशा रीतीने मतपेटीपर्यंत पोचला.

त्या मतपेटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ च्या ऑक्टोबरात संस्थेच्या जमिनीवर कुत्र्यांसह होणाऱ्या शिकारसदृश खेळाला बंदी घालावी, असा ठराव आला. सुमारे ७७ हजार मते बाजूने आणि ३८ हजार विरुद्ध पडली. ठराव बंधनकारक नसूनही पुढच्याच महिन्यात संस्थेने बंदी घातली. म्हणजे मताला वजन आहे. पण पन्नास लाखांहून अधिक सभासदांपैकी बाजूने-विरुद्ध मिळून सव्वा लाखानेही मत नोंदवले नाही. उरलेल्यांनी वर्गणी भरली, पण ती तिकीट समजून. अशा उदासीनतेत मूठभर संघटित माणसे संस्थेची दिशा ठरवू शकतात. शिवाय २०२२ पासून संस्थेने शिफारस केलेल्या उमेदवारांना एका खुणेसरशी मत देण्याची सोय झाली. सोयीचे मत हे विचाराचे मत असतेच असे नाही, ही टीका तिच्यावर झाली आणि ती अगदीच निराधार नव्हे.

आता दुसऱ्या संस्थांकडे पाहू. इंग्लिश हेरिटेज ही मूळची सरकारी शाखा. २०१५ साली आठ कोटी पौंडांचे अनुदान देऊन तिला स्वतंत्र धर्मादाय संस्था करण्यात आले. चारशेहून अधिक स्थळे तिच्याकडे आहेत, त्यांत स्टोनहेंजही. स्टोनहेंजची कथा बोलकी आहे. १९१५ साली सेसिल चब यांनी ते लिलावात ६,६०० पौंडांना घेतले आणि १९१८ मध्ये राष्ट्राला अर्पण केले. प्रवेशशुल्क एका शिलिंगाहून अधिक नसावे, अशी त्यांची अट होती. शिलिंग कालौघात गेले आणि अटही गेली. तिकीट आता चांगलेच महाग आहे. येथे वार्षिक सभासदत्व घेणाऱ्याला प्रवेश मिळतो, मासिक मिळते. कारभारात मत मिळत नाही. टॉवर ऑफ लंडन आणि हॅम्प्टन कोर्ट सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेसचेही तसेच. तेव्हा या दोन संस्थांच्या बाबतीत भेटी मोजाव्यात आणि निर्णय घ्यावा. ते वर्षभराचे तिकीटच आहे. (स्टोनहेंजभोवतीची जमीन नॅशनल ट्रस्टची असल्याने तिच्या सभासदांना तेथे प्रवेश मोफत असतो, हेही हिशेबात धरावे.)

नॅशनल ट्रस्टचा हिशेब मात्र भेटींवर संपत नाही. तिच्या ताब्यातील टेकड्या आणि समुद्रकिनारे बहुतांशी सर्वांना खुले आहेत. तेथे कुणी तिकीट मागत नाही. दिनास ओलायवर चढणाऱ्याला सभासदत्वाची चौकशी होत नाही. म्हणजे वाड्याच्या दाराशी भरलेली वर्गणी, वाडा कधीच न पाहणाऱ्या माणसाच्या फिरण्याचीही सोय करते. ऑक्टेव्हिया हिल यांच्या मनातली संस्था आज कोठे उरली असेल, तर ती येथे.

आपल्याकडे साडेतीन हजारांहून अधिक केंद्र-संरक्षित स्मारके आहेत. २०१८ च्या दरपत्रकात अजिंठा-वेरूळसारख्या स्थळी भारतीय नागरिकाला ४० रुपये तिकीट होते. गरिबाला परवडणारे तिकीट ही व्यवस्थेची जमेची बाजू, आणि ती थोडी नव्हे. पण त्या ४० रुपयांत फलकावरील मजकुराविषयी, डागडुजीच्या पद्धतीविषयी विचारण्याचा अधिकार येत नाही. २०२५ च्या जुलैत बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. ते कसे राखावे यात सामान्य दुर्गप्रेमीचे मत कोणत्या सभेत मोजले जाणार? १८९५ साली पुण्यात ज्यांनी आपली वर्गणी रायगडासाठी दिली, त्यांना तरी तो गड आपला वाटत होता.

सारांश असा: वर्षातून पाच ठिकाणे होणार नसतील आणि सभेची कागदपत्रे वाचण्याची इच्छा नसेल, तर तिकीट काढावे. त्यात काही कमीपणा नाही. वर्गणी भरायची असेल तर शरद ऋतूत मतपत्रिका येते तेव्हा ती रद्दीत टाकू नये. केडलस्टनच्या दालनातल्या वस्तू कोठून आल्या, हे तेथल्या फलकावर नीट लिहिले जावे असे ज्या मराठी सभासदाला वाटते, त्याच्या हाती त्या वर्गणीने एक मत दिलेले असते. ते वापरले तर नव्वद पौंड स्वस्त आहेत. न वापरले तर सहाव्या वाड्यापर्यंत महागच.