अधिसेविका

शासकीय रुग्णालयातील परिचर्या विभागाची प्रमुख, बोलीभाषेत ‘मेट्रन’. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये प्रशिक्षणशाळा सुरू केली. परिचारिकांवर परिचारिकेचेच नियंत्रण असावे, ही रीत तेथून रुजली. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, महाराष्ट्राचा परिचारिका अधिनियम १९६६ चा.

बुलढाणा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयासारख्या संस्थेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका व अधिसेविका अशी चढती श्रेणी असते. रुग्णालयाचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक असतात (पाहा : जिल्हा शल्यचिकित्सक). कामाच्या पाळ्या लावणे, रजेची शिफारस, कक्षांची पाहणी, स्वच्छता व जंतुसंसर्ग नियंत्रण हे अधिसेविकेचे प्रत्यक्ष अधिकार. नेमणूक, बदली व मोठी खरेदी तिच्या हाती नसते. तरीही या पदाचा प्रभाव अधिकारापेक्षा मोठा ठरतो; तो कशावर उभा असतो, हे सत्तेच्या आधारांवरून कळते.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ फ्रेंच व रेव्हन यांनी १९५९ मध्ये सत्तेचे पाच आधार मांडले : पद, बक्षीस, शिक्षा, तज्ज्ञता व आदर (पाहा : सत्ता). माहिती हा सहावा आधार रेव्हन यांनी नंतर जोडला. सरकारी चौकटीत बक्षीस व शिक्षा हे आधार दुबळे. तज्ज्ञता, आदर आणि माहिती यांवरच भिस्त असते. पाळी बदलताना दिला जाणारा रुग्णवृत्तांत हा त्या माहितीचा मुख्य स्रोत. कोणत्या कक्षात मनुष्यबळ कमी आहे, कोणता रुग्ण खालावतो आहे, हे त्यातून अधिसेविकेपर्यंत पोहोचते आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलताना तिच्या शब्दाला वजन येते.

(पाहा : परिचर्या, बुलढाणा जिल्हा).