गाडी एकाच्या नावावर, हातात चौघांच्या

आरसी वडिलांच्या नावावर, शेंद्र्याच्या कारखान्यात गाडी घेऊन जातो थोरला, रविवारी ती सुनेकडे आणि लग्नसराईत पुतण्याकडे. छत्रपती संभाजीनगरात हे घरोघरी चालते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. बीड बायपासला याच गाडीने एखाद्याला उडवले की मात्र घरात विचारणा सुरू होते: पॉलिसीवर पप्पांचे नाव आहे, मग क्लेम बसेल का? अमेरिकेत ही शंका रास्त ठरली असती. तिथे विमा घेताना घरातल्या चालवणाऱ्यांची नावे सांगावी लागतात आणि न सांगितलेल्याच्या हातून अपघात झाला तर कंपनी अनेकदा हात झटकते. आपल्या नेहमीच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत अशी यादी नसते. चालकाच्या कलमात विमाधारकासह कोणीही गाडी चालवू शकतो, फक्त अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन हवे. नियम पाळणारा शिकाऊ लायसनवालाही चालतो. कुटुंबाची ही सोय मुद्दाम कुणी केलेली नाही. आपला मोटार विमा घडला तो रस्त्यावरच्या माणसासाठी. म्हणून घरातला कोण चालवतो याच्याशी त्याने फारसे देणेघेणे ठेवले नाही, आणि त्याच कारणाने घरातल्यांचे रक्षण करायचेही राहून गेले.

ब्रिटनमध्ये 1930 च्या रोड ट्रॅफिक अॅक्टने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला. त्याच धर्तीवर आपल्या 1939 च्या मोटार वाहन कायद्यात आठवे प्रकरण आले, पण ते अमलात यायला 1 जुलै 1946 उजाडला. त्याआधी अपघातग्रस्ताने दिवाणी दावा लावायचा, वर्षानुवर्षे खेटे घालायचे, आणि हुकूमनामा मिळाला तरी ड्रायव्हर कफल्लक असला तर तो कागद नुसता जपून ठेवायचा. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे औरंगाबाद, तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. तिथे निजाम रेल्वेची 27 बसगाड्यांची सेवा 1932 मध्ये सुरू झालेली, खासगी मोटार मात्र जहागीरदार, अधिकारी आणि बड्या व्यापाऱ्यांपुरतीच होती. केंद्राचा मोटार कायदा हैदराबाद राज्याला लागू झाला 1 एप्रिल 1951 पासून. सक्तीच्या कलमाची रचना पाहण्यासारखी आहे: सार्वजनिक ठिकाणी गाडी स्वतः वापरायची असो की दुसऱ्याला वापरू द्यायची असो, त्या वापराचा विमा हवा. हा ‘दुसरा’ कोण, याची फोड कायद्याने केली नाही. जुन्या पॉलिसीतही मालक आणि त्याच्या हुकमाने किंवा परवानगीने चालवणारा असे मोघम शब्द असत. ज्या काळात मालक मागे बसे आणि पगारी ड्रायव्हर पुढे, त्या काळाला ते पुरेसे होते. मुलगा, सून, पुतण्या पुढे याच ‘परवानगी’च्या दारातून आत आले.

हे दार किती उघडायचे यावर न्यायालयांनी वीस-बावीस वर्षे घालवली. 1966 मध्ये अहमदाबादच्या एका टॅक्सीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. टॅक्सी पुसणाऱ्या माणसाने लायसनच्या चाचणीसाठी ती नेली आणि अपघात केला. मालकाचे काम करताना हे घडले नाही, असे बहुमताने ठरले. मालक सुटला, म्हणून कंपनीही सुटली. जखमी माणसाने काय करावे हा प्रश्न त्या तर्कात कुठेच बसत नव्हता. 1987 च्या स्कँडिया विमा कंपनीच्या निकालात तोच केंद्रस्थानी आला. इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर खाली उतरला आणि बिनलायसनच्या क्लीनरने ट्रक पुढे काढला. मालकाने तर लायसनवाला ड्रायव्हर नेमला होता; अट त्याने मोडली नाही, तेव्हा कंपनीने भरपाई द्यावी, असा न्यायमूर्ती ठक्कर यांचा निवाडा. पुढच्याच वर्षी गोव्याहून आलेल्या प्रकरणात दुरुस्तीला दिलेली गाडी गॅरेजमधल्या माणसाने ठोकली होती, आणि तिथेही कंपनीची जबाबदारी कायम राहिली. गॅरेजच्या पोऱ्यापर्यंत विमा पोचतो म्हटल्यावर लायसन असलेल्या पुतण्याचे नाव नाही म्हणून कंपनी काय अडवणार?

नेमक्या याच वर्षांत शहर बदलू लागले होते. 1981 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ इथे आले आणि मराठवाड्यातल्या अपघातदाव्यांच्या अपिलांना मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा, आणि 2010 मध्ये दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकगठ्ठा विकत घेऊन इथल्या व्यावसायिकांनी देशभर गाजावाजा केला. पगारी ड्रायव्हरच्या जागी घरचीच माणसे बसू लागली होती. कलम मात्र तेच राहिले, फक्त परवानगीऐवजी लायसन ही त्याची खरी चाचणी झाली.

लायसनच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालाने सांगितले की चालकाकडे लायसन नव्हते एवढे दाखवून भागत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली हे कंपनीने सिद्ध करावे. ते सिद्ध झाले तरी अनेकदा आदेश होतो तो आधी भरा आणि मग मालकाकडून वसूल करा असा. म्हणजे अपघातग्रस्ताला पैसे मिळतात आणि वसुलीची नोटीस वडिलांच्या पत्त्यावर येते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला ही सवलत नाही, हे 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले. क्लेम फॉर्ममध्ये चालकाचे नाव, लायसन नंबर आणि विमाधारकाशी नाते असे रकाने असतात. तिथे लायसन नसलेल्या पोराऐवजी लायसनवाल्या काकाचे नाव टाकण्याची शक्कल लढवली जाते. पोलिसांच्या फिर्यादीत आणि पंचनाम्यात पोराचे नाव आले की ती उघडी पडते, आणि मग साधा नाकारलेला क्लेम खोट्या क्लेमच्या रूपात गळ्यात येतो.

यावर विमा कंपन्यांच्या बाजूने एक आक्षेप निघतो आणि तो पोकळ नाही. पंचवीस वर्षे जपून चालवणाऱ्या बापाने आणि कालच लायसन मिळालेल्या मुलाने एकाच हप्त्यावर तीच गाडी चालवावी, हा हिशेब कसला? आपल्या पद्धतीत खरोखरच एक विसंगती आहे: संरक्षण गाडीमागे जाते आणि नो क्लेम बोनस मालकामागे. पुतण्याने बंपर फोडला तर काकांचा 50 टक्क्यांपर्यंत साठलेला बोनस शून्यावर येतो, पुतण्याच्या नावावर मात्र कसलीच नोंद होत नाही. तरीही उपाय म्हणून यादी आणणे मला मान्य नाही. यादीतून नाव राहून जाते ते घरच्यांच्या आळसाने, आणि त्याची किंमत मोजतो तो रस्ता ओलांडणारा, ज्याने ती यादी कधी पाहिलेलीच नसते. धोका जास्त तर हप्ता जास्त, हे तत्त्व स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरते खुशाल लावावे. 2022 पासून चालवण्याच्या पद्धतीवर हप्ता ठरवायला नियामकाने मुभा दिलीच आहे. दुसरी शंका अल्पवयीन मुलांची. इतकी उदारता पाहून आईबाप बेफिकीर होणार नाहीत का? त्याला उत्तर विम्याबाहेर आहे. 2019 च्या दुरुस्तीने पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड ठेवला आहे, गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते.

माझी खरी तक्रार दुसऱ्या टोकाला, गाडीत बसलेल्या घरच्यांबाबत आहे. मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉन या हॉलिवूडच्या नटीला 1937 मध्ये तिच्याच मोटारीत अपघात झाला; गाडी तिचा शोफर चालवत होता. तिच्याच पॉलिसीतून तिला भरपाई मिळू शकते, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने 1940 च्या दशकात ठरवले, कारण शोफरच्या दृष्टीने ती तिसरा पक्ष होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये उलट भूमिका घेतली: स्वतःच्या गाडीत बसलेल्या मालकाच्या इजेचा विमा सक्तीच्या कलमात येत नाही. 2009 मध्ये पुढचे पाऊल पडले. मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तेव्हा त्याच्या मृत्यूबद्दल तिसऱ्या पक्षाच्या हक्काने मागणी करता येत नाही. बापाची गाडी चालवणारा मुलगा याच पंगतीत बसतो. रस्त्यावरच्या परक्याला पॉलिसी पूर्ण संरक्षण देते, पण मुलगा स्वतःच्याच चुकीने गेला तर त्याच्या बायकोच्या हाती या कलमाखाली काही लागत नाही.

उरतो तो मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा. 2018 मध्ये त्याची रक्कम 15 लाख केली गेली, पण तो मिळतो नोंदणीकृत मालकाला, आणि त्याच्याकडे लायसन असेल तरच. आपल्याकडे गाडी आजोबांच्या किंवा आईच्या नावावर असते, त्यांनी आयुष्यात स्टिअरिंग धरलेले नसते. अशा घरात आईला लायसन नाही म्हणून ते संरक्षण लागू होत नाही आणि मुलगा मालक नाही म्हणून त्याला मिळत नाही. गाडीतल्या अनाम व्यक्तींसाठी जादा हप्त्यात मिळणारे वैयक्तिक अपघात संरक्षण काही अंशी ही फट बुजवते. त्यात चालवणारा नातेवाईक धरला आहे का, हे नूतनीकरणाच्या वेळी एजंटला विचारून लेखी घ्यावे लागते.