सायकलिंग शॉर्ट्स

सायकलिंग शॉर्ट्स म्हणजे सायकल चालविताना घालावयाची, मांड्यांना चिकटून बसणारी, लवचीक कापडाची आखूड विजार होय. हिच्या बैठकीच्या भागात आतून एक गादी (पॅड) शिवलेली असते. ही गादी केवळ आसन मऊ करण्यासाठी असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात कातडी, कापड व सीट यांच्यातील घर्षण कमी करणे आणि घाम टिपून घेणे, ही तिची अधिक महत्त्वाची कामे आहेत. 'जितकी जाड गादी तितका आराम' या समजुतीने केलेली खरेदी म्हणूनच अनेकदा फसते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शर्यतींतील सायकलपटू लोकरीच्या विणलेल्या शॉर्ट्स वापरीत. बैठकीच्या जागी आतून शॅमॉय या प्राण्याचे मऊ कातडे लावलेले असे. शॅमॉय हा आल्प्स व युरोपातील इतर पर्वतांत आढळणारा शेळीच्या कुळातील प्राणी होय. हे कातडे धुऊन वाळले की कडक होई, म्हणून त्यावर मलम चोळून ते पुन्हा मऊ करावे लागे. आज कातड्याची जागा कृत्रिम धाग्यांनी व फोमने घेतली आहे. तरीही गादीला 'शॅमॉय' आणि मलमाला 'शॅमॉय क्रीम' म्हणण्याची रीत टिकून आहे. काळ्या रंगाची परंपराही जुनीच आहे. चामडी सीटचा रंग आणि साखळीचे वंगण यांचे डाग काळ्यावर दिसत नाहीत.

अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा धागा तयार केला. 'लायक्रा' हे त्याचेच व्यापारी नाव होय. १९७० च्या दशकात हे कापड सायकलपटूंच्या पोशाखात आले आणि भिजली की जड होऊन ओघळणारी लोकर हळूहळू मागे पडली.

काचणे व त्याची कारणे

सायकलस्वार मिनिटाला ८० वेळा पायटा फिरवीत असेल, तर तासाला ४,८०० व दहा तासांत ४८,००० वेळा त्याची मांडी सीटच्या कडेला घासून जाते. कोरड्या कातडीपेक्षा ओलसर कातडीवर घर्षण अधिक होते. त्यात घाम वाळून मागे राहणारे मिठाचे कण भर घालतात. जाड शिवण, कापडाची चुणी किंवा आतल्या चड्डीचे इलॅस्टिक अशा जागी आले, की प्रथम लाली येते, मग आग होऊ लागते आणि शेवटी कातडी सोलवटते. सोलवटलेल्या कातडीतून अथवा केसांच्या मुळांतून जंतू शिरले की पुळी किंवा गळू होते. सायकलपटूंच्या परिभाषेत यास 'सॅडल सोअर' म्हणतात.

हे दुखणे क्षुल्लक नाही. टूर द फ्रान्स १९५३, १९५४ व १९५५ अशी सलग तीन वर्षे जिंकणाऱ्या लुईझों बोबे या फ्रेंच सायकलपटूस तिसऱ्या विजयानंतर याच कारणासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आयर्लंडचा शॉन केली १९८७ च्या स्पेनमधील व्हुएल्ता शर्यतीत आघाडीवर होता. शर्यत संपण्यास थोडेच दिवस उरले असताना गळवामुळे त्यास माघार घ्यावी लागली. (पुढच्याच वर्षी त्याने ती शर्यत जिंकली.) १९८९ च्या टूर द फ्रान्सच्या अखेरच्या दिवशी लोरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. सीटवर बसणेही वेदनादायक झालेल्या स्थितीत तो व्हर्साय ते पॅरिस हा २४.५ किलोमीटरचा टप्पा धावला आणि ग्रेग लेमाँडकडून अवघ्या ८ सेकंदांनी हरला. पराभवाची इतरही कारणे सांगितली जातात, परंतु या दुखण्याचा उल्लेख त्यांत नेहमी येतो.

निवड

सर्वप्रथम लक्षात घ्यावयाची गोष्ट म्हणजे ही शॉर्ट्स आत चड्डी न घालता वापरावयाची असते. भारतात संकोचामुळे हा नियम बहुधा पाळला जात नाही. परिणामी शिवण टाळण्यासाठी पैसे मोजून घेतलेल्या कपड्याच्या आत सुती शिवण, इलॅस्टिक आणि घाम धरून ठेवणारे कापड पुन्हा येते. घट्ट कपड्यात वावरण्याचा संकोच वाटत असल्यास वरून सैल विजार घालावी. अशा वापरासाठी पातळ, गादीयुक्त आतली शॉर्ट्स वेगळीही मिळते.

शॉर्ट्स अंगाला घट्ट, परंतु कंबर व मांडीवर वळ न उठविणारी असावी. ती सैल असली तर गादी जागेवरून सरकते, आणि सरकणारी गादी ही गादी नसण्याहून वाईट. दुकानात ताठ उभे राहून पारख करू नये. उभे असताना गादी बोजड वाटते व कापड पुढून ओढल्यासारखे होते. हँडल धरल्याप्रमाणे पुढे वाकल्यावरच खरे माप कळते. गादीच्या मधोमध शिवण नसावी आणि तिच्या कडा पातळ होत जाऊन कापडात मिसळलेल्या असाव्यात.

जाडीपेक्षा फोमची घनता महत्त्वाची ठरते. बोटांनी दाबताच तळ लागणारा फोम तासाभरात चपटा होतो. बैठकीच्या दोन हाडांखाली आधार मिळणे आवश्यक असते. फार मऊ गादी व फार मऊ सीट एकत्र आल्या की ही हाडे खाली रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येऊन तेथे बधिरता येते. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांतील अंतर सरासरीने अधिक असल्याने त्यांच्यासाठीची गादी मागे रुंद असते; पुरुषांची शॉर्ट्स लहान मापात घेणे हा त्यावर उपाय नव्हे. खांद्यावरून पट्टे जाणाऱ्या प्रकारास 'बिब शॉर्ट्स' म्हणतात. तीत कमरेचे इलॅस्टिक नसल्याने पोटावर दाब येत नाही व गादी जागेवर राहते. शौचास जाताना मात्र ती गैरसोयीची होते.

नवी शॉर्ट्स घेऊनही एकाच बाजूला काचत असेल, तर दोष कपड्यात नसण्याचा संभव असतो. सीट प्रमाणाबाहेर उंच असल्यास पायटा गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डोलते व कातडी घासली जाते.

वापर व निगा

महाराष्ट्रात पुणे, नाशिक, नागपूर, मुंबई आदी शहरांत २०० ते ६०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' फेऱ्या होतात. त्यांपैकी २०० किलोमीटरसाठी साडेतेरा व ६०० किलोमीटरसाठी ४० तासांची मुदत असते. इतका वेळ घामाने भिजलेले कापड अंगावर राहणार असल्याने निघण्यापूर्वी जांघेत व गादीवर क्रीम अथवा पेट्रोलियम जेली लावतात. खोबरेल तेलही चालते, मात्र ते गादीत मुरते व सहज निघत नाही. टाल्कम पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात. लांब पल्ल्यास ती निरुपयोगी होय. दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण सीटवरून उठल्यास दाब सुटतो.

फेरी संपताच शॉर्ट्स उतरवून अंग धुवावे. एकदा वापरलेली शॉर्ट्स न धुता पुन्हा घालू नये. ती सौम्य साबणाने धुवावी, पिळू नये आणि गादी बाहेर येईल अशी उलटी करून वाळवावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, गादी वरून कोरडी लागली तरी आतून दमट असते. त्यामुळे दोन-तीन शॉर्ट्स आलटून पालटून वापरणे सोयीचे पडते. बैठकीचे कापड विरून आरपार दिसू लागले की शॉर्ट्स बदलावी.

कातडी सोलवटल्यास ती भरेपर्यंत सायकल बंद ठेवून जागा स्वच्छ व कोरडी ठेवतात. जांघेत कडा असलेला, खाजणारा चट्टा उठल्यास तो काचण्याचा नसून गजकर्णाचा असू शकतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने घेतलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे खाज तात्पुरती थांबवितात, पण बुरशी वाढू देतात. भारतात गजकर्ण चिवट होण्यामागील हे एक प्रमुख कारण मानले जाते. गळू वाढत असल्यास, ताप आल्यास किंवा रुग्णास मधुमेह असल्यास डॉक्टरांना दाखविणे आवश्यक असते. गळू घरी फोडू नये.