कौशल्यशिक्षणाची साधने

एखादा व्यवसाय वा हस्तकौशल्य आत्मसात करण्यासाठी शिकणाऱ्यास उपलब्ध होणारी माध्यमे. जाणकाराचा सहवास, कर्मशाळा, मुद्रित ग्रंथ आणि अलीकडील काळात संगणक व आंतरजाल ही त्यांपैकी प्रमुख होत. प्रस्तुत नोंदीत माणगाव (जि. रायगड) परिसराच्या अनुषंगाने महाराष्ट्रातील त्यांच्या वाटचालीचा विचार केला आहे.

पूर्वी कौशल्य घराण्यात राहत असे. कोकणातील लोहाराचा मुलगा भात्याजवळ बसून, तर सुताराचा मुलगा रंधा धरून धंदा शिके. कामाच्या दृष्टीने ही पद्धती चोख होती; तथापि तिचे दार जातीच्या चौकटीत बसविलेले होते. ज्याचा बाप कारागीर नाही, त्याला शिकण्यास जागाच नव्हती.

हे दार प्रथम किलकिले केले ते संस्थांनी. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने व त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन स्थापन झाले. दादासाहेब फाळके हे तेथील विद्यार्थी. चित्रपटविद्या शिकविणारी शाळा मात्र त्यांच्यासाठी कोठेच नव्हती. त्यांनी त्या विषयावरील पुस्तके व नियतकालिके वाचून काढली आणि तरीही १९१२ मध्ये लंडनला जाऊन हेपवर्थ यांच्या निर्मितिगृहात काम प्रत्यक्ष पाहिले. वाचन आणि हाताळणी यांचे परस्परावलंबन याहून स्पष्ट करणारे उदाहरण विरळाच.

स्वातंत्र्योत्तर काळात कारागीर प्रशिक्षण योजना (१९५०) व शिकाऊ उमेदवार अधिनियम (१९६१) यांमुळे औद्योगिक प्रशिक्षणाला शासकीय चौकट लाभली. शालेय शिक्षणात कामाला मध्यवर्ती स्थान देण्याचा प्रयोग डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (जि. पुणे) येथे विज्ञान आश्रम स्थापून केला. तेथे विद्यार्थी गावाला लागणारी कामे करता करताच त्यांमागील विज्ञान शिकतात.

१९८९ हे वर्ष या संदर्भात लक्षणीय आहे. त्या एकाच वर्षी नाशिक येथे दूरशिक्षणासाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, तर माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्याने शिक्षण घरी पोहोचविण्याचा, तर दुसऱ्याने प्रयोगशाळा व कर्मशाळा ग्रामीण कोकणात आणण्याचा मार्ग धरला. शेजारच्या महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला होता. त्याच मुलखात तंत्रविद्येची संस्था डॉ. आंबेडकरांच्या नावे उभी राहावी, हे केवळ नामकरण नव्हे. २०१४ च्या अधिनियमाने या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र राज्यभर विस्तारले.

आंतरजालावरील साधनांपैकी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम मराठी वाचकाने जाणून घ्यावा असा आहे. सुमारे दहा मिनिटांची ध्वनिचित्रफीत थोडी पाहावयाची, थांबवावयाची आणि दाखविलेली कृती शेजारी आपल्या संगणकावर करावयाची, अशी त्याची रीत असून, मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. शिक्षक जवळ नसलेला विद्यार्थी गृहीत धरूनच या फितींची रचना झाली आहे. जेथे संगणक हेच अवजार असते, तेथे ही रीत पुरेशी ठरते. वितळजोड वा यंत्रकामाची गोष्ट वेगळी. २०२० च्या टाळेबंदीत सैद्धांतिक तासिका पडद्यावर घेता आल्या. कानशीचा दाब किती असावा, हे मात्र हातांना कर्मशाळा उघडेपर्यंत कळू शकले नाही.